शंभर मिनिटांवरचं घर

सुचित्राची आणि माझी ओळख रायस्वाइकच्या डच वर्गातली. सतरा-अठरा वर्षं झाली त्याला. दोघीही नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, हाताला काम नाही, म्हणून खेमेंटने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, भरवलेल्या वर्गात जाऊन बसायचो. डचमध्ये साडेतीनला 'अर्धे चार' म्हणतात. बाकी सगळा वर्ग त्यात महिनाभर अडकला होता. सुचित्राने पहिल्याच दिवशी वहीत चारच्या आकड्याकडे जाणारा एक बाण काढला आणि म्हणाली, "चारच्या वाटेवर निम्मं आलोय, एवढंच ना?" तिला वेळ अशीच दिसायची, रस्त्यासारखी.

पुढे तिला नोकरीही तशीच मिळाली. कापेल आन डेन आयसेलमध्ये एका मालवाहतूक कंपनीत ती ट्रकांच्या फेऱ्या बसवते. कुठला ट्रक किती वाजता निघेल, साडेचार तास चालवल्यावर ड्रायव्हरने पाऊण तास कुठे थांबायचं, माल उतरवायला गोदामाचं दार कधी मोकळं असेल, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. ती मूळची कऱ्हाडची. शाळेत भूगोलात जेमतेम पास व्हायची असं तीच सांगते. आता फ्रान्समधला कुठला घाट हिवाळ्यात बंद होतो ते तिला विचारावं.

तिचा नवरा अंबरीश आम्स्टरडॅम स्लोटरडाइकला एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम बघतो. गंभीर माणूस, पण मोजकं आणि गमतीदार बोलणारा. फ्रान्सचं वेड त्याचं. ऑफिसात बसून तीन वर्षं फ्रेंच शिकला तो. दर उन्हाळ्यात तिघं, म्हणजे ही दोघं आणि त्यांची मुलगी शलाका, गाडीने फ्रान्सच्या खेड्यांत जायची. तिथे जुनी दगडी घरं सुट्टीपुरती भाड्याने देतात, झीत म्हणतात त्यांना. घर निवडायचं काम अंबरीशचं. त्याची अट एकच असायची, की घराच्या दारात उभं राहिलं तर दुसरं घर दिसता कामा नये. सुचित्रा कुरकुरायची, दुकान लांब आहे, पाव कोण आणणार. पण जायची, आणि ऑगस्टमध्ये आमच्याकडे फोटो दाखवायला यायची तेव्हा तिच्याच तोंडून वर्णन थांबायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी हे सगळं थांबलं. अंबरीशला दमायला व्हायचं, पाय सुजायचे. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, गेला तेव्हा रक्तदाब इतका निघाला की त्यांनी त्याच दिवशी हॉस्पिटलला पाठवलं. दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. सात महिन्यांत डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर वेळी चार तास. सुचित्राने आपली किडनी द्यायची तयारी केली, सगळ्या तपासण्या केल्या, आणि डॉक्टरांनी तिलाच साखरेची सुरुवात आहे म्हणून नाही म्हटलं. त्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि कोट न काढता दारातच बसली. अंबरीशचं नाव किडनी मिळायच्या यादीत आहे. यादीत असणं म्हणजे फोन कधीही येऊ शकतो, आणि येत नाही.

घरातलं सगळं मग मापात आलं. दिवसाला आठशे मिलिलिटर पाणी, त्यात चहा, आमटी, ताक सगळं धरून. बटाटे दोनदा उकळून पाणी फेकायचं. टोमॅटो, केळी, नारळपाणी बंद. फ्रीजवर एक तक्ता, त्यावर रोज सकाळचं वजन. तक्ता अर्थातच सुचित्राने केला होता, आणि तो इतका चांगला होता की डायलिसिस केंद्रातल्या योके नावाच्या नर्सने त्याची प्रत मागून घेतली. अंबरीश कशालाच विरोध करायचा नाही. जे समोर येईल ते खायचा, जे विचारलं त्याला 'छान आहे' म्हणायचा. शलाका तेव्हा पंधराची होती. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत किंवा डचमध्ये. ती एकदा मला म्हणाली की बाबा आता हॉटेलातल्या पाहुण्यासारखे राहतात. आईला सांगू नकोस, असंही म्हणाली.

गेल्या वर्षी जानेवारीत योकेने सुचित्राला सांगितलं की डायलिसिसवरची माणसंसुद्धा सुट्टीला जातात. जिथे जायचं तिथल्या हॉस्पिटलात आधी जागा मिळवायची, रक्ताचे अहवाल पाठवायचे, की झालं. सुचित्राला वाटच सापडली. तिने फ्रान्सचा नकाशा उघडला आणि प्रत्येक डायलिसिस केंद्राभोवती अर्ध्या तासाच्या अंतराचं वर्तुळ काढलं. अकरा केंद्रांना पत्रं लिहिली. सगळ्यांत आधी हॉस्पिटल, मग घर, असा उलटा हिशेब. चौघांनी उत्तर दिलं, त्यातल्या तिघांनी नाही म्हटलं. बर्गंडीतल्या एका गावच्या हॉस्पिटलने जुलैअखेरचे दोन आठवडे दिले, सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी एक वाजता.

त्या वर्तुळात तिला घरंही मिळाली, तीन. दोन जुनी होती पण त्यांना अवघड दगडी जिने होते, आणि डायलिसिसनंतर अंबरीशचे पाय लटपटतात. तिसरं घर नवंकोरं होतं. पांढऱ्या फरश्या, पांढऱ्या भिंती, एकच मजला, हॉस्पिटलपासून बारा मिनिटं. समोर सुपरमार्केटचं पार्किंग. तिने फोटो अंबरीशला दाखवले. त्याने लॅपटॉपवरून मान वर केली आणि म्हणाला, "छान आहे."

"तुला दिसलं का, समोर पार्किंग आहे?" तिने विचारलं.

"सोयीचं आहे की."

तिने ते घर घेतलं नाही. राखून ठेवा म्हणून कळवलं आणि माझ्याकडे येऊन रडली. मला म्हणाली, "त्याने भांडायला हवं होतं गं. पूर्वी त्याने मला असलं घर बघूसुद्धा दिलं नसतं."

पंधरा दिवसांनी शलाकाने तिला घरातला टॅब दाखवला. त्यावर एक पान उघडं राहिलं होतं. डोंगराच्या कुशीत एक दगडी घर, मागे अक्रोडाचं झाड, खाली ओढा. शेजारी काहीच नाही. शलाकाने सांगितलं की बाबा हे रोज बघतात, ती आली की पान बंद करतात. सुचित्राने अंतर काढलं. हॉस्पिटलपासून ब्याण्णव किलोमीटर, लहान रस्ते, शंभर मिनिटं. अर्ध्या तासाच्या वर्तुळाच्या पार बाहेर.

तिने मला ऑफिसातून फोन केला. काय करू, विचारत होती. मी म्हटलं, घे ते घर. दोन वर्षांत पहिल्यांदा माणसाला काहीतरी हवंसं वाटलंय, मग शंभर मिनिटं काय आणि दोनशे काय, गाडी तूच चालवणार आहेस. मी हे अगदी सहज म्हटलं. पुढचं घडलं तेव्हा मला माझं हे वाक्य फार दिवस आठवत राहिलं.

ती कामाला लागली. डायलिसिस संपणार साडेपाचला, अर्धा तास विश्रांती, मग शंभर मिनिटं, वाटेत थांबायच्या दोन जागा. सकाळी जायचं साडेदहाला. बसत होतं सगळं. त्या शनिवारी जेवताना ती अंबरीशला म्हणाली की अक्रोडाच्या झाडाचं घर मी बघितलंय आणि ते आपल्याला जमू शकतं. अंबरीशचा घास हातातच राहिला. चोरी पकडल्यासारखा तो लाजला. आठवड्यातून तीनदा एवढी गाडी चालवणार का, म्हणून त्याने विचारलं, आणि ती म्हणाली, माझे ड्रायव्हर रोज चालवतात. मग तो ओढ्याबद्दल बोलायला लागला. घराच्या मालकिणीचं नाव मादाम फेरां, तिने पानावर लिहिलंय की ओढ्याला ऑगस्टमध्येही पाणी असतं. रविवारी सकाळी त्यानेच फ्रेंचमध्ये पत्र लिहून घर घेतलं. सुचित्रा म्हणते, त्या दोन-तीन महिन्यांत घरात पुन्हा माणूस आला होता. तो तक्त्यावर वजन स्वतःहून लिहायचा. शलाकाला फ्रेंच क्रियापदं विचारून छळायचा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, सुचित्राच्या मेलवर फ्रेंच हॉस्पिटलचं पत्र आलं. जागा तिच्या नावावर घेतलेली होती, म्हणून तिकडच्या सेक्रेटरीने उत्तर दोघांनाही पाठवलं होतं. फोनवर भाषांतर करून तिने वाचलं. 'आपल्या विनंतीनुसार दुसऱ्या आठवड्यातील सोमवारची वेळ रद्द करण्यात आली आहे. त्या दिवसाचे उपचार आपण अन्यत्र घेणार आहात याची नोंद घेतली.'

तिने दोनदा वाचलं. भाषांतरात चूक असेल असं वाटून शेजारच्या बेल्जियन सहकाऱ्याकडून वाचून घेतलं. त्यानेही तेच सांगितलं. शुक्रवार झाला की मग थेट बुधवार. मधे पाच दिवस. योकेने त्यांना पहिल्याच महिन्यात बजावलं होतं की शनिवार-रविवारची सुट्टी हीच सगळ्यांत धोक्याची असते, सोमवार कधीही चुकवायचा नाही. रक्तातलं पोटॅशियम वाढलं की हृदय न सांगता थांबतं, आणि पाणी साठलं की ते फुप्फुसात जातं.

ती साहेबाला डोकं दुखतंय म्हणाली आणि सायकलवरून घरी आली. अंबरीश मंगळवारी घरूनच काम करतो. जेवणाच्या टेबलाशी बसला होता, कानात हेडफोन. तिने त्याची मीटिंग संपेपर्यंत वाट बघितली. वीस मिनिटं, उभ्याने.

"सोमवारची वेळ कोणी रद्द केली?"

त्याने हेडफोन काढून नीट गुंडाळून ठेवले. "मी."

"का?"

"मला सलग दिवस हवे होते. पाच."

"आणि मला काय सांगणार होतास? मी तर सकाळी साडेदहाला गाडी काढून उभी राहिले असते."

"त्यांचं मशीन बंद पडलंय, फोन आला होता, असं सांगणार होतो." तो तिच्याकडे बघत नव्हता. "तुला फ्रेंच येत नाही."

सुचित्रा म्हणते की पाच दिवसांपेक्षा हे वाक्य तिला जास्त लागलं. त्याने सगळं बसवून ठेवलं होतं, तिच्यासारखंच, मिनिटा-मिनिटाचं. पाणी निम्म्यावर आणणार होता, फळ खाणार नव्हता, कुठेतरी वाचलं होतं की पूर्वी आठवड्यातून दोनदाही डायलिसिस करायचे. हे सगळं तो शांतपणे सांगत होता, ऑफिसात एखादा आराखडा समजावून द्यावा तसा. आणि ऐकता ऐकता तिच्या मनात एक प्रश्न आला, जो तिला विचारायचा नव्हता.

"अंबरीश, तुला तिथून परत यायचं होतं ना?"

खाली कचऱ्याची गाडी मागे येताना टीं टीं करत होती.

"बहुतेक," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो डायलिसिसला गेला, नेहमीच्या टॅक्सीने. सुचित्राने दिवाणखान्यात फेऱ्या मारल्या, मला फोन केला, मी उचलला नाही, मी कामात होते. मग तिने योकेला फोन केला आणि सगळं सांगितलं. पाच दिवस, मशीनचं खोटं, आणि ते 'बहुतेक'. योकेने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली की फोन केलास हे बरं केलंस, आणि त्याला हे आवडणार नाही. दुपारी डॉक्टर अंबरीशच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांच्याबरोबर समुपदेशन करणारी बाईही होती. हातात सुया, दोन्हीकडे नळ्या, उठून जाता येत नाही, अशा माणसाला ते तासभर विचारत होते की तुला जगावंसं वाटतं का.

तो घरी आला तेव्हा बोलला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, सुचित्रा म्हणाली. अकरा दिवस जे काही असेल ते शलाकामार्फत. आईला सांग उद्या टॅक्सी लवकर येणार आहे. बाबांना विचार भात टाकू का. अकराव्या दिवशी शलाकाने ताट सरकवलं आणि डचमध्ये म्हणाली की मी काही तुमची दुभाषी नाही, आणि मला तुमच्यापैकी कोणाबरोबरच फ्रान्सला यायचं नाही. मग खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. त्या दाराबाहेर दोघं उभी राहिली, आधी ती, मग तो. तिथेच ती त्याला म्हणाली, "मी डोंगरावरचं घर सोडलंय. सोमवारची वेळ पुन्हा मिळवलीये. बारा मिनिटांवरचं घर अजून रिकामं आहे. यायचं असेल तर तिथे जाऊ, नसेल तर राहू दे."

"ते रिकामंच असणार," अंबरीश म्हणाला. कित्येक दिवसांत तिच्याशी बोललेलं ते त्याचं पहिलं वाक्य.

शेवटी दोघं गेली. शलाकाही गेली. निघायच्या आधी मी त्यांच्याकडे डबा घेऊन गेले होते. गाडीत सामान भरताना दोघं एकमेकांना अगदी नीट, परक्यासारखं सांभाळून वागत होती, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मी सुचित्राला म्हटलं की ते घर घे म्हणून मीच सांगितलं होतं. ती म्हणाली, "तू घर घे म्हणालीस. बाकीचं त्याने केलं." ती माझी समजूत घालत होती की नाही, मला कळलं नाही.

बर्गंडीत त्या आठवड्यात उन्हाची लाट होती. छत्तीस, सदतीस. ज्याला दिवसाला आठशे मिलिलिटरच प्यायचंय त्याला हा उन्हाळा म्हणजे काय, ते कल्पनेनेच समजावं. सुचित्रा द्राक्षं गोठवून ठेवायची आणि तो एकेक तोंडात धरून बसायचा. पांढऱ्या फरशीचं घर दातांच्या दवाखान्यासारखं दिसायचं. समोर दिवसभर ट्रॉल्यांचा खडखडाट. अंबरीश सावलीला खुर्ची टाकून त्या ट्रॉल्यांकडे बघत बसायचा. हॉस्पिटलात मात्र तो बोलायचा. तिथल्या नर्सना त्याच्या फ्रेंचचं कौतुक. सुचित्रा काचेतून बघायची की तो हसतोय, आणि गाडीत बसला की हसू संपायचं.

मादाम फेरांना घर सोडतोय असं कळवताना सुचित्राने खरं कारण लिहिलं होतं. भाषांतराच्या यंत्रातून गेलेलं पत्र ते, कसं पोचलं असेल देव जाणे. पहिल्या बुधवारी तिने पुन्हा लिहिलं. तिला एक गोष्ट माहीत होती, ती इतक्या उन्हाळ्यांच्या अनुभवामुळे. भाड्याची घरं शनिवारी बदलतात. जुने पाहुणे सकाळी दहाला जातात, नवे दुपारी चारला येतात, आणि मधे घर कोणाचंच नसतं. तिने विचारलं की तुम्ही साफसफाई करत असताना आम्ही बाहेर झाडाखाली बसलो तर चालेल का. मादामचं उत्तर एका ओळीचं होतं. या, पण चादरी वाळत घालायला मदत करावी लागेल.

शनिवारी सकाळी तिने अंबरीशला कुठे जातोय ते सांगितलं नाही. आदल्या दिवशीच डायलिसिस झालं होतं, म्हणजे आठवड्यातला त्यातल्या त्यात बरा दिवस. तासाभराने रस्ता चढायला लागला आणि त्याने वाटेवरची पाटी वाचली.

"परत फिरव," तो म्हणाला.

तिने गाडी एका बाजूला घेतली. मागून शलाका म्हणाली, "बाबा, प्लीज." सुचित्रा दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून थांबली. तो परत काही बोलला नाही, तशी ती वर निघाली.

घर फोटोतल्यासारखंच होतं, फक्त जास्त जुनं, आणि आत ओलसर वास. मादाम फेरां सत्तरीच्या पुढची, बुटकी, हातात बादली. तिने कोणाची विचारपूस केली नाही, शलाकाच्या हातात ओल्या चादरींचं टोपलं दिलं. अंबरीश आत गेला आणि प्रत्येक खोलीत जाऊन आला. खिडकीच्या दगडावर हात ठेवून उभा राहिला. मग काही न सांगता ओढ्याकडे उतरला.

अर्धा तास झाला. वरून सुचित्राला त्याची टोपी दिसत होती, उताराच्या मध्यावर, हलत नव्हती. चादर तशीच टाकून ती खाली गेली. तो एका खडकावर बसला होता, तोंड उघडं टाकून श्वास घेत. ओढ्यापर्यंत गेला होता, परत चढताना एवढ्यावरच बसला. चेहरा राखेसारखा. तिने नाडी बघितली, घोटे बघितले. काही वाईट दिसत नव्हतं, नुसता थकवा. पण तो थकवा बघून दोघांनाही एकच गोष्ट कळली होती.

"काल डायलिसिस झालंय," तो म्हणाला. "काल. आणि हा एवढा चढ."

"हो."

"पाचव्या दिवशी काय झालं असतं?"

"पाचवा दिवस आलाच नसता कदाचित." ती बोलून गेली. मग त्याच्याशेजारी बसली.

मग अंबरीश म्हणाला, "तू योकेला सांगितलंस त्याचा राग अजून आहे मला. नळ्या लावलेल्या असताना विचारलं त्यांनी."

"मला फ्रेंच येत नाही म्हणालास त्याचा मलाही आहे," ती म्हणाली. "आणि परत असं केलंस तर मी परत सांगणार आहे."

त्याने मान हलवली. पायाजवळचं गवत उपटत राहिला. "मरायचं म्हणून नव्हतं केलं ते. पाच दिवस मला कोणी वेळ सांगू नये, वजन विचारू नये, एवढंच हवं होतं. पण ठरवता ठरवता मधे कुठेतरी ते आणि हे एकच वाटायला लागलं मला. कुठे, ते नाही सांगता येत."

सुचित्राने पिशवीतली पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. तो प्यायला, किती प्यायला ते तिने बघितलं नाही. मग वरून शलाका आली आणि दोघींनी मिळून त्याला चढवलं. चार ठिकाणी थांबावं लागलं. वर मादामने टेबलावर जर्दाळूंची थाळी ठेवली होती. जर्दाळू त्याला चालत नाहीत. त्याने एक उचलला, वास घेतला, फ्रेंचमध्ये आभार मानले आणि शलाकाला दिला. पावणेचारला नव्या पाहुण्यांची गाडी वळणावर दिसली, तशी ही तिघं निघाली.

बाकीचे दिवस पांढऱ्या घरातच गेले. सोमवारी एक वाजता तो हॉस्पिटलात होता.

परत आल्यावर परदेशी हॉस्पिटलातला जंतुसंसर्ग पसरू नये म्हणून त्याला इथे काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवून डायलिसिस करत होते. तिथे त्याने योकेला विचारलं की घरी मशीन ठेवून हे करता येतं म्हणतात, ते मला जमेल का. योके म्हणाली, जमेल, वेळ तुझी तू ठरवायचीस, पण सुई टोचायला शिकावं लागेल आणि मदतीला घरचं माणूस लागेल. विश्वास असलेलं माणूस, असं ती म्हणाली. त्याने घरी येऊन सुचित्राला जसंच्या तसं सांगितलं, 'विश्वास' हा शब्दही वगळला नाही.

ऑक्टोबरपासून दोघांचं शिक्षण सुरू झालं. आधी रबराच्या हातावर, मग त्याच्या. समुपदेशनाच्या बाईकडे तो दर महिन्याला जातो, बडबड नुसती म्हणतो, पण जातो. यादीतून फोन आलेला नाही. सुचित्राची सुई पहिल्या वेळी नीट बसली नाही, तेव्हा योकेने ती काढून घेतली आणि तिला बाहेर कॉफी प्यायला पाठवलं. दुसऱ्या वेळी बसली. अंबरीश दुसरीकडे बघत होता.

परवा मी तिला फोन करून विचारलं, आता कसं वाटतंय.

"सुई जमते," ती म्हणाली. "रविवार जमत नाही. डायलिसिसशिवायचा दुसरा दिवस ना तो. रविवारी तो कुठेही बसलेला असो, मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहते. त्याला कळतं."

तेवढ्यात शलाका हॉकी खेळून आली असावी, मागून दाराचा आवाज आला. तिला चिखलाचे बूट बाहेरच काढ म्हणून सांगायला ती उठली, आणि आम्ही फोन ठेवला.